औषधांची पिशवी घेऊन या

आई 76 वर्षांची असताना रात्री लघवीला उठली आणि बाथरूमच्या दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं. भेटायला येणारा जो तो म्हणे, "पाय घसरला असेल." पण फरशी कोरडी होती. आई सांगत होती, "उठले आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली."

तिचं हे बोलणं एकाच डॉक्टरांनी मनावर घेतलं. "घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा," म्हणाले. पाकिटं टेबलावर मांडली आणि उलगडा झाला. रक्तदाबाचं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी, दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर चालू होतं. शिवाय झोपेची गोळी. ऑपरेशननंतर त्यांनी आईचा रक्तदाब ती आडवी असताना मोजला, मग तिला वॉकर धरून उभी केल्यावर. वरचा आकडा 148 वरून थेट 116! उभं राहिल्यावर 3 मिनिटांत तो 20 ने उतरला, तरी धोक्याचं समजतात. तोवर तिचा रक्तदाब नेहमी खुर्चीत बसवूनच मोजला जायचा.

म्हणून कळकळीने सांगते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब उभं करूनही मोजून घ्या. पाकिटावरचं कंपनीचं नाव सोडा, औषधाचं मूळ नाव असतं ते जुळवून बघा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. झोपेच्या, सर्दीच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही तोल जातो, त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.

खुबा मोडला की प्रश्न हाडापुरता उरत नाही. अंथरुणात पडून स्नायू झडतात, न्यूमोनिया गाठतो. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण 5 पैकी 1 जण वर्षभरात दगावतो. "या वयात कशाला ऑपरेशन?" असं नातेवाईक म्हणतील. प्रकृती झेपणारी असेल तर 48 तासांच्या आत करून घ्या आणि लगेच उभं करायचा आग्रह धरा. आई ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रडत रडत उभी राहिली, म्हणून आज चालते.

आणि स्नायू टिकवायचे तर जेवण. म्हातारपणी रात्री नुसत्या दूधभातावर भागवतात. वजनाच्या दर किलोमागे रोज निदान 1 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून. आईच्या ताटात आता घट्ट वरण, उसळ, अंडं असतं. जेवणाआधी ती हात न टेकता खुर्चीतून उठते, बसते, पुन्हा उठते. रात्री जाग आली की आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसते, दिवा लावते, मगच उठते.