राबाची राख आणि खाचराची माती

कोकणातील शेतकरी चैत्र-वैशाखात झाडांची कवळ तोडतो, शेण, पालापाचोळा व गवत यांसह ती भाताच्या रोपवाटिकेच्या जागी पसरतो आणि भाजतो. हाच राब होय. या प्रथेला अनुभवाचा आधार आहे. उष्णतेने तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते व राखेतील पालाश रोपांना तत्काळ मिळते. परंतु जाळताना पाल्यातील बहुतेक कर्ब आणि नत्र हवेत निघून जातात. खाचराला तर नेमकी त्यांचीच गरज असते; शिवाय डोंगरउतारही उघडे पडतात.

जमिनीची गरज

जांभ्या खडकापासून बनलेल्या या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे विपुल असतात. पावसाळ्यात २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याबरोबर चुना, मॅग्नेशियम इत्यादी द्रव्ये निचरून जातात व जमीन आम्लधर्मी बनते. येथील चिकणमातीची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती अल्प असल्यामुळे ते कार्य मुख्यत्वे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर, म्हणजे ह्यूमसवर पडते. स्फुरद लोहाशी जखडले जाते. सेंद्रिय पदार्थ कुजताना निर्माण होणारी आम्ले त्यास काही अंशी मोकळे करतात. ह्यूमस घटला, की दिलेल्या खताचा पिकाला पुरेसा लाभ होत नाही आणि खर्च वाढूनही उत्पन्न वाढत नाही.

पर्यायी मार्ग

डॉ. एन. के. सावंत यांनी पुरस्कारिलेल्या चारसूत्री भातशेतीत याचे उत्तर सापडते. पहिल्या सूत्रानुसार रोपवाटिकेत तुसाची काळी राख मिसळावी. तिच्यातील सिलिकामुळे रोपे कणखर होतात. तसेच पहिल्या नांगरटीच्या वेळी गुंठ्यास सुमारे २० किलो पेंढा जमिनीत गाडावा. दुसऱ्या सूत्रानुसार लावणीपूर्वी सुमारे ७ दिवस गिरिपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्यास ३० किलो पसरून चिखलणीत मिसळावा. त्यातून हेक्टरी १० ते १५ किलो नत्र मिळू शकते. उर्वरित दोन सूत्रे नियंत्रित लावणी व युरिया-डीएपी ब्रिकेट चिखलात खोल खोचणे ही आहेत. सेंद्रिय पदार्थ व रासायनिक खत येथे परस्परपूरक ठरतात.

वेळेचे महत्त्व

पेंढ्यात नत्र कमी असते. तो उशिरा गाडल्यास कुजविणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि कोवळी रोपे पिवळी पडतात. साचलेल्या पाण्यात अर्धवट कुजलेला पाला मुळांना अपायकारक आम्ले व मिथेन वायूही निर्माण करतो. म्हणून पेंढा लवकर व पाला ठरल्या वेळीच घालणे अगत्याचे आहे.

आपले कर्तव्य

ग्रामपंचायतींनी बांधांवर व पडीक जागी पहिल्या पावसात गिरिपुष्पाची छाट कलमे लावण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा. शिक्षकांनी शाळेच्या आवारात दोन वाफे करून, एकात पाला घालून व दुसऱ्यात न घालता, पिकातील फरक विद्यार्थ्यांना दाखवावा. राब एका वर्षात बंद होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. मात्र शेजाऱ्याच्या एका गुंठ्यातील पीक डोळ्यांनी पाहिले, म्हणजे पुढील वैशाखात कवळ तोडण्यापूर्वी शेतकरी निश्चितच विचार करील.