टाके सुकले, मग गाठ कसली?

दुर्बिणीतून पित्ताशय काढलेला पेशंट हसत घरी जातो. तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या टाक्याखाली गाठ येते, ती फुटून पाणी झिरपू लागतं. नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत. कल्चर दोन दिवसांत ‘निगेटिव्ह’ म्हणून येतं, मग कुणी टीबीची औषधं सुरू करतं. बरेचदा तो टीबी नसतोच. नळाच्या पाण्यात राहणारे टीबीचे भाऊबंद असतात: मायकोबॅक्टेरियम चेलोनी, फॉर्च्युइटम.

संसर्ग-नियंत्रणाचं काम करते म्हणून असे रुग्ण निघालेल्या एका छोट्या रुग्णालयाने मला बोलावलं. सगळ्यांचा संशय हत्यारं बुडवायच्या औषधावर, ग्लुटारअल्डिहाइडवर. ते तर ताजं होतं, डब्यावर तारीखही होती. मी ट्रोकारची झडप उघडायला लावली. आत जुनं रक्त वाळून बसलेलं. ग्रास्परच्या दांडीवरचं इन्सुलेशन टोकाशी सुटलेलं, त्याखालीही तेच. खपलीच्या आत औषध पोचत नाही; उलट ते रक्तातली प्रथिनं घट्ट करतं.

“सिस्टर, धुवायचं पाणी आम्ही उकळून घेतो की!” मावशी म्हणाल्या. खरंच घेत होत्या. पण ते गार व्हायचं उघड्या बादलीत, आणि कमी पडलं की वरून नळाची भर. जंतू मारलेली हत्यारं पुन्हा जंतूंच्याच पाण्यात! मावशींना बोल लावण्यात अर्थ नाही. दिवसभर ऑपरेशनं आणि सेट दोनच. मधल्या वीस मिनिटांत त्या तरी काय करणार?

औषधावर विसंबणाऱ्यांनी ब्राझीलकडे बघावं. २००६-०७ मध्ये रिओ द जानेरो राज्यातल्या साठहून अधिक रुग्णालयांत असेच संशयित रुग्ण निघाले, हजाराच्या वर. तिथला जंतू दोन टक्के ग्लुटारअल्डिहाइडला दाद देत नव्हता.

तेव्हा हत्यार वाळू देऊ नका. प्रत्येक भाग सुटा करा, एन्झाइमच्या द्रावणात भिजवा, पाण्याखाली धरून ब्रशने घासा. वाफ सोसणारं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. न सोसणारी दुर्बीण ईटीओ किंवा प्लाझ्मात. टेपचा रंग बदलला म्हणजे फक्त उष्णता लागली. जंतू मेले का, ते बीजाणूंची कुपी सांगते. ती दर आठवड्याला लावा. ग्लुटारअल्डिहाइडशिवाय इलाजच नसेल, तर नंतर धुवायला निर्जंतुक पाणीच वापरा. क्रॉइट्झफेल्ड-याकोब आजाराचा संशय असेल तर मात्र यातलं काही पुरत नाही. त्या हत्यारांना हात लावण्याआधी तज्ज्ञांना विचारा.

आणि डॉक्टरसाहेब, नव्या कॅमेऱ्यावर लाखो रुपये घालण्याआधी हत्यारांचे दोन जादा सेट घ्या.