द्विभाषिक बालक : शंका, संशोधन आणि आपले कर्तव्य

निवासी शाळेत येणाऱ्या बालकाच्या पेटीत दोन गणवेश, ताट-वाटी आणि अंथरूण-पांघरूण असते. त्याची भाषा मात्र कोणत्याही यादीत नोंदविलेली नसते, आणि ती तर ते सर्वांत आधी बरोबर घेऊन आलेले असते. आमच्या वर्गांतून वऱ्हाडी व झाडीबोली बोलणारी मुले बसतात, तशीच गोंडी, कोरकू व कोलामी बोलणारीही बसतात. प्रमाण मराठी ही त्यांतील पुष्कळांची दुसरी भाषा असते. हिंदी ते बाजारातून व चित्रपटांतून शिकतात आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकातून. अशा बालकांचे पालक आम्हांला वारंवार एक प्रश्न विचारतात : ‘‘घरची बोली बंद केली तर मुलगा लवकर पुढे जाईल का?’’ शहरांत स्थिरावलेले आमचे माजी विद्यार्थीही हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतात. त्यांच्या मुलांच्या बाबतीत बंद करावयाची भाषा मराठी असते, एवढाच फरक. दोन भाषांच्या ओझ्याने मुलाची बुद्धी दबते, ही समजूत दोघांच्याही मनात असते. तिची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

समजुतीचा उगम

ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही. एके काळी तिला विद्वानांचा आधार होता. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधील शाळकरी मुलांच्या बुद्धिचाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रामीण भागातील वेल्श व इंग्रजी अशा दोन भाषा बोलणारी मुले एकभाषिक मुलांच्या मागे असल्याचे त्यांत दिसले. त्यावरून द्विभाषिकतेमुळे मानसिक गोंधळ होतो, असा निष्कर्ष निघाला आणि पुढील कित्येक वर्षे तो पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला. परंतु त्याच अभ्यासात शहरी मुलांमध्ये असा फरक आढळला नव्हता, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. दोष दोन भाषांचा असता तर तो शहरातही दिसावयास हवा होता. इंग्रजीशी खेड्यातील मुलाचा संबंध किती येतो, त्याच्या घरची परिस्थिती कशी आहे आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली आहे, या गोष्टी निकालात मिसळल्या होत्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही चूक ओळखीची वाटेल. विषमतेचा परिणाम मोजावयाचा आणि त्याला जन्मजात उणीव म्हणावयाचे, ही जुनी रीत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे.

१९६२ साली कॅनडातील माँट्रियल येथे एलिझाबेथ पील व वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास केला. त्यांनी सामाजिक-आर्थिक स्तर सारखा ठेवून फ्रेंच एकभाषिक आणि फ्रेंच-इंग्रजी द्विभाषिक मुलांची तुलना केली. या वेळी द्विभाषिक मुले पुढे होती. दोन्ही भाषा चांगल्या येणारीच मुले निवडल्यामुळे हुशार मुले आपोआप त्या गटात गेली असतील, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला आणि तो योग्यच होता. तरीही ‘दोन भाषा म्हणजे गोंधळ’ हा सिद्धान्त त्यानंतर टिकू शकला नाही.

फुलबनीची मुले

आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा अभ्यास ओडिशात झाला. तत्कालीन फुलबनी जिल्ह्यात कोंध आदिवासींची वस्ती आहे. त्यांची मूळ भाषा कुई. काही भागांतील कोंधांची कुई सुटली व ते केवळ ओडिया बोलू लागले. इतर भागांतील कोंध कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा बोलत राहिले. समाज एक, चालीरीती एक, दारिद्र्यही एकच. फरक केवळ भाषांचा. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी ही परिस्थिती हेरून १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील मुलांचे अनेक अभ्यास केले. बोधनाच्या आणि भाषेविषयी विचार करण्याच्या चाचण्यांत कुई टिकवून ओडिया शिकलेली मुले केवळ ओडिया बोलणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली.

या निष्कर्षाचे महत्त्व आपण नीट ध्यानात घ्यावे. ही सधन घरची मुले नव्हती आणि त्यांची दुसरी भाषा प्रतिष्ठेची इंग्रजीही नव्हती. जगाने मागासलेली ठरविलेली भाषा ज्यांच्या घरात जिवंत राहिली, त्या मुलांच्या बुद्धीला तिने खाली ओढले नाही.

मनात काय घडते?

दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट लवकर कळते : वस्तू आणि तिचे नाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आई ज्याला एका शब्दाने हाक मारते, त्यालाच गुरुजी दुसऱ्या शब्दाने ओळखतात, हे ते रोज अनुभवते. दक्षिण आफ्रिकेत अनिता इयांको-वॉरल यांनी १९७२ साली इंग्रजी-आफ्रिकान्स बोलणाऱ्या लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट झाले. तीन शब्द सांगून त्यांतील कोणते दोन जवळचे, असे विचारले असता द्विभाषिक मुले उच्चाराच्या साम्यापेक्षा अर्थाच्या साम्याकडे लवकर वळली. वस्तूंच्या नावांची अदलाबदल करता येईल, हेही त्यांना एकभाषिक मुलांपेक्षा सहज पटले. ‘मिलिंदप्रश्न’ वाचलेल्या आमच्या वाचकांना येथे भदन्त नागसेनांचा रथ आठवेल. नाव हा व्यवहारासाठीचा संकेत आहे, हा जो विचार राजा मिलिंदाला युक्तिवादाने पटवावा लागला, त्याची पहिली पायरी दोन भाषांतील बालक खेळता खेळता चढते.

याहून मोठा दावा करताना मात्र सावध राहिले पाहिजे. दोन भाषांमधून सतत निवड करावी लागल्यामुळे मुलाची अवधान-नियंत्रणाची शक्ती वाढते, असे कॅनडातील एलन बियालिस्टॉक यांच्या संशोधनातून पुढे आले. नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांत तो लाभ आढळला नाही आणि त्यावर अद्याप वाद चालू आहे. म्हणून दोन भाषा शिकविल्या की मूल अलौकिक बुद्धीचे होते, असे आम्ही म्हणणार नाही. दोन भाषांमुळे बुद्धी खुंटते याला मात्र आधार नाही, एवढे निश्चित.

पालकांच्या आणखी दोन शंकांचे निरसन येथे करणे इष्ट होईल. पहिली शंका शब्दसंग्रहाची. द्विभाषिक बालकाचा एका भाषेतील शब्दसंग्रह समवयस्क एकभाषिक बालकापेक्षा काहीसा लहान असू शकतो. परंतु दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले तर ते सामान्यतः मागे नसते. स्वयंपाकघरातील शब्द एका भाषेत आणि गणिताचे शब्द दुसऱ्या भाषेत साठलेले असतात, इतकेच. दुसरी शंका भाषामिश्रणाची. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येणे हे गोंधळाचे लक्षण नव्हे. मोठी माणसेही तसेच बोलतात आणि त्या मिश्रणालाही व्याकरणाची शिस्त असते. मात्र मूल दोन वर्षांचे होऊनही कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर त्याचा दोष दोन भाषांना देऊन स्वस्थ बसू नये. त्याच्या श्रवणशक्तीची तपासणी करून घ्यावी व वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बोलता येणे आणि शिकता येणे

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त विचार जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करताना त्यांना दिसले की, नव्या भाषेत गप्पा मारणे मूल साधारणतः दोन वर्षांत शिकते. पण त्याच भाषेत कारणे देणे, सारांश लिहिणे व अमूर्त कल्पना समजून घेणे यासाठी पाच ते सात वर्षे लागतात. या दोहोंमधील अंतर न ओळखल्यामुळे मैदानावर घडाघडा बोलणारे मूल परीक्षेत अडखळले की त्याला ‘मंद’ हा शिक्का मिळतो.

आमच्या वर्गातील उदाहरण घेऊ. मराठीत नामाला तीन लिंगे आहेत. कोरकू भाषेत नामांची विभागणी सजीव आणि निर्जीव अशी होते. गोंडीत पुरुषवाचक आणि पुरुषेतर अशी होते. या घरांतून आलेले बालक ‘ती झाड’ किंवा ‘तो शाळा’ असे लिहिते, तेव्हा त्याची बुद्धी झोपलेली नसते. ते एका व्याकरणाकडून दुसऱ्या व्याकरणाकडे निघालेले असते. वर्ग त्याला हसला की ते पुढचे वाक्य बोलत नाही. महिनाभर बोलले नाही की शिक्षक त्याला प्रश्न विचारणे सोडतात. आणि प्रश्न येणे बंद झालेले मूल एक दिवस सुट्टीत घरी जाते ते परत येत नाही. गळती हा शब्द अहवालात एका रकान्यात मावतो. त्याची सुरुवात अनेकदा एका लिंगाच्या चुकीवर झालेल्या हास्यातून होते.

कमिन्स यांचा दुसरा सिद्धान्त असा की, एका भाषेत पक्के झालेले ज्ञान दुसऱ्या भाषेत नेता येते. भागाकार एकदा समजला की तो पुन्हा समजून घ्यावा लागत नाही. केवळ त्याचे शब्द शिकावे लागतात. ओडिशा शासनाने २००६-०७ च्या सुमारास कुईसह दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू करून क्रमाने ओडियाकडे जाण्याचा मार्ग स्वीकारला, तो याच विचाराने. आपल्या संविधानातही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५० क समाविष्ट झाला असून, भाषिक अल्पसंख्य समाजांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरविण्याचे प्रयत्न करावेत, असे त्यात म्हटले आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण

येथे कोणी विचारील, मग इंग्रजीचे काय? आपल्या समाजाने इंग्रजीची आस धरली ती योग्य कारणांसाठी. त्या भाषेने आपल्याला न्यायालय, विद्यापीठ आणि जग यांची दारे उघडून दिली. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजी कशी मिळविली, हेही पाहावे. वडील रामजी यांनी त्यांच्याकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेतल्या, असे चरित्रकार सांगतात. भाषांतर म्हणजे दोन्ही भाषा एकाच वेळी हातात धरणे. शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून ते फारसी शिकले. पुढे संस्कृत आणि पालीचाही अभ्यास त्यांनी केला. १९२० साली ‘मूकनायक’ काढताना त्यांनी मराठी निवडली आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. आपल्या माणसांशी बोलण्याची भाषा आणि जगाशी वाद घालण्याची भाषा त्यांनी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या नाहीत. आमच्या मते आदर्श हाच आहे : भाषा वाढवीत जावे, एक टाकून दुसरी घेऊ नये.

घरी आणि शाळेत काय करावे?

ज्या घरात आई-वडिलांना इंग्रजीची मोजकी वाक्ये येतात, त्या घरात इंग्रजीचा हट्ट धरल्यास मुलाला त्या भाषेत केवळ आज्ञा मिळतात : बस, ऊठ, खा, ये. गोष्ट, थट्टा, समजूत घालणे आणि ‘असे का?’ या प्रश्नाचे उत्तर देणे हे सर्व संपते. मुलाच्या बुद्धीचे खरे अन्न तेच असते. म्हणून जी भाषा आपल्याला भरभरून येते, त्याच भाषेत मुलाशी बोलावे. इंग्रजीसाठी पुस्तके, चांगले शिक्षक आणि नियमित वाचन यांची सोय करावी.

परप्रांतात व परदेशात असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी मुलांशी बोलण्याची भाषा आणि वेळ ठरवून घ्यावी. मूल मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते, ही अवस्था सामान्य आहे; त्यावर रागावू नये आणि आपली मराठीही सोडू नये. आठवड्यातून एकदा आजी-आजोबांशी दूरध्वनीवर सावकाश बोलणे हा कोणत्याही शिकवणीपेक्षा चांगला पाठ आहे.

शिक्षकांनी पहिल्या वर्षी बालकाच्या भाषेतील निदान शंभर शब्द शिकावेत, मोठ्या विद्यार्थ्यांच्या साह्याने ते फळ्याशेजारी लावावेत आणि नवीन संकल्पना समजावताना त्याच भाषेतील सोबत्याला दुभाषी करावे. वसतिगृहात बोली बोलल्याबद्दल शिक्षा असू नये.

यात केवळ गुणांचा प्रश्न नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जी माणसे पायी, बैलगाडीने, रेल्वेने पोहोचली, त्यांच्या आठवणी फार थोड्या कागदावर आल्या. उरलेल्या आठवणी आजही आजीच्या वऱ्हाडीत, जात्यावरच्या ओव्यांत आणि जलशाच्या पदांत आहेत. त्या दिवसाचे साक्षीदार आता थोडेच राहिले आहेत. नातवाला आजीची भाषा कळली नाही, तर आपल्या इतिहासाचे एक प्रथम दर्जाचे साधन तिच्यासोबत नाहीसे होईल, आणि ते नंतर कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीची एक आठवण तिच्याच शब्दांत वहीत उतरवून आणावी आणि खाली तिचे प्रमाण मराठी व इंग्रजी भाषांतर लिहावे, असा उपक्रम आम्ही सुचवितो. पालकांनी त्या संध्याकाळी दूरदर्शन संच बंद ठेवून मुलाला तेवढा वेळ द्यावा, ही नम्र विनंती.