रानवाटेवरचे पाहुणे

(जंगलातून पायी फिरण्यात मोठा आनंद असतो, पण जंगलातली वाट कोणा एकाची नसते. त्या वाटेवरून गावकरी जातात, गुरे जातात आणि वन्य प्राणीही जातात. अशा वाटेवरून चालताना स्वतःला कसे जपावे आणि इतरांचा मान कसा राखावा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा या गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. बाबा आमटे यांनी १९४९ साली कुष्ठरोग्यांसाठी उभारलेले आनंदवन याच गावाजवळ आहे. वरोऱ्याहून शेगावमार्गे चिमूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलात, की हळूहळू शेते मागे पडतात. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह अशी झाडे दिसू लागतात. मध्येच बांबूची बेटे लागतात. उजव्या हाताला दूरवर पसरलेले असते ते ताडोब्याचे जंगल.

ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली झाले. पुढे १९८६ मध्ये शेजारीच अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प तयार झाला. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. गाभ्याभोवती जंगलाचा आणखी एक मोठा पट्टा आहे. त्याला 'बफर' म्हणतात. या पट्ट्यात गावे आहेत, शेते आहेत आणि वाघही आहेत.

'ताडोबा' या नावामागे एक लोककथा आहे. तारू नावाचा एक गोंड गावप्रमुख होता. वाघाशी झुंज देताना तो मरण पावला. लोकांनी त्याला देव मानले. ताडोब्याच्या तळ्याकाठी एका मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे. म्हणजे पाहा, या जंगलाच्या नावातच माणूस आणि वाघ दोघेही आहेत! माणूस आणि वाघ येथे फार जुने शेजारी आहेत. शेजाऱ्याशी कसे वागावे हे आपल्याला घरात शिकवतात. जंगलातही तेच शिकायचे असते.

समजा, तुमच्या शाळेची सहल या भागात आली आहे. सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. ताडोब्याच्या गाभ्यात पर्यटकांना पायी फिरता येत नाही. तेथे वाहनात बसून, मार्गदर्शकाला बरोबर घेऊनच जावे लागते. वाहनातून खाली उतरण्यास मनाई असते. वन्यजीवांच्या संरक्षणासाठी १९७२ साली कायदा झाला. त्या कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही आणि आग लावता येत नाही. पायी फिरायचे ते जेथे वनखात्याची परवानगी असेल तेथेच, आणि तेही वाट माहीत असलेल्या माणसाबरोबर.

निघण्यापूर्वी तयारी करा. पायात बूट हवेत. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि मातकट किंवा हिरव्या रंगाचे असावेत. उन्हाळ्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून डोक्याला पांढरा दुपट्टा बांधा आणि पाणी भरपूर घ्या. अत्तर लावू नका. उग्र वासाने आग्या मोहोळाच्या माश्या चवताळतात, असा रानात फिरणाऱ्यांचा अनुभव आहे. कोठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे मागे राहणाऱ्या माणसाला सांगून ठेवा. पहाटेच्या अंधारात आणि सूर्य मावळल्यावर रानवाटेवर राहू नका. ती वेळ प्राण्यांची असते.

आता चालायला लागू या. सर्वांनी एका रांगेत चालावे. वाटाड्या पुढे आणि शिक्षक सर्वांत मागे. लहान मुले मध्ये. कोणी पुढे पळू नये, कोणी मागे रेंगाळू नये. वाट सोडून जवळचा रस्ता शोधू नये. एकाने वाट सोडली की दुसरा त्याच्या मागून जातो, मग तिसरा जातो. थोड्याच दिवसांत तेथे नवी वाट पडते. गवत मरते. पावसाळ्यात त्या उघड्या जागेवरची माती वाहून जाते.

तुम्ही विचाराल, "चालताना बोलावे की गप्प राहावे?" प्रश्न चांगला आहे. आरडाओरडा करू नये आणि मोबाइलवर गाणी तर मुळीच लावू नयेत. कारण जंगल सतत बोलत असते, ते आपल्याला ऐकू आले पाहिजे. वाघ किंवा बिबट्या दिसला, की चितळ आणि सांबर ओरडून आपल्या सोबत्यांना सावध करतात. झाडावरचे वानर खोकल्यासारखा आवाज काढते. असा आवाज ऐकू आला, की वाटाड्या हात वर करून सर्वांना थांबवतो. मात्र अगदी चोरपावलांनीही चालू नये. अस्वल अचानक समोर आले तर ते घाबरते आणि घाबरलेले अस्वल हल्ला करते. म्हणून साध्या आवाजात बोलत चालावे. आपल्याला जंगल ऐकू यावे आणि जंगलालाही आपली चाहूल लागावी.

आणि वाघच समोर आला तर? पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा वाघाचा स्वभाव आहे. खाली बसू नका, वाकू नका. सगळे एकत्र उभे राहा. वाघाकडे पाठ न करता हळूहळू मागे सरका आणि आल्या वाटेने परत फिरा.

येथे एक दुःखद घटना सांगितली पाहिजे. २० नोव्हेंबर २०२१ ची सकाळ होती. ताडोब्याच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक तीन मदतनिसांना घेऊन पायी निघाल्या होत्या. व्याघ्रगणनेसाठी वाघांच्या खाणाखुणा नोंदवण्याचे काम चालू होते. काही अंतर चालून गेल्यावर त्यांना पुढे वाटेवर एक वाघीण बसलेली दिसली. सगळे थांबले. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. वाघीण उठेना. तेव्हा तिला टाळून पुढे जाण्यासाठी त्यांनी दाट झाडीतून वळसा घेतला. तेथे वाघिणीने हल्ला केला आणि त्या वनरक्षक ताई कर्तव्य करताना मरण पावल्या. त्या जंगलाच्या माहितगार होत्या. त्यांच्यापुढे काम होते. आपल्यापुढे तर कसलेच काम नसते! सहलीला आलेल्या माणसाने वाट अडलेली दिसताच परत फिरावे. परत फिरण्यात कमीपणा नाही. वाट उद्याही तेथेच असते.

वाटेवर सापही भेटतो. त्याला मारू नका, डिवचू नका, जाऊ द्या. कोणाला साप चावलाच, तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. त्या माणसाला धीर द्या, चालू देऊ नका. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि लवकरात लवकर रुग्णालयात न्या. सापाच्या विषावरचे औषध तेथेच मिळते.

मित्रांनो, ही झाली प्राण्यांची गोष्ट. पण रानवाटेवर माणसेही असतात, आणि त्यांच्याकडेच आपले लक्ष कमी जाते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात. बायका आणि मुले टोपल्या घेऊन ती वेचायला येतात. ती फुले तुडवू नका. कोणाच्या तरी घरचे मीठ-मिरची त्यांवर येते. मे महिन्यात तेंदूची पाने तोडतात. ७० पानांचा एक पुडा बांधतात. ते पुडे उन्हात वाळत घातलेले असतात. त्यांवर पाय देऊ नका. दिवसभर वाकून काम करावे, तेव्हा त्यातून थोडे पैसे हाती येतात.

या कामात जीवही जातो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातील जंगलात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. आपण सहलीहून घरी जातो आणि गमती सांगतो. या लोकांना मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेने जायचे असते. आपल्याला जी वाट मजेची, ती त्यांच्या पोटाची वाट आहे.

म्हणून डोक्यावर मोळी घेतलेली बाई समोरून आली, तर तुम्ही बाजूला व्हा. ओझे घेतलेल्या माणसाला थांबणे आणि पुन्हा चालू लागणे जड जाते. बैलगाडी किंवा गुरांचा कळप आला, तर वाटेच्या एका कडेला शांत उभे राहा. उतारावर असाल तर डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला नको. वाटेत भेटणाऱ्या काकांना, मावशींना आधी तुम्ही नमस्कार करा. गोंड बांधव भेटले तर 'जोहार' म्हणा. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका. पुढच्या वाटेची विचारपूस करा. आज पहाटे वाघ कोणत्या नाल्यात उतरला, हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते.

कचऱ्याचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. ती ताडोब्याच्या बफर पट्ट्यातील निमढेला भागात टिपलेली होती. पाणवठ्यावर कोणीतरी टाकलेली प्लास्टिकची बाटली एका वाघाने तोंडात धरून नेली, असे तिच्यात दिसत होते. ती पाहून अनेकांना हळहळ वाटली. वाघाने बाटली उचलली. पण ज्याने टाकली, त्याने ती उचलली नव्हती! तुम्ही पिशवीतून जे आणाल, ते सगळे परत न्या. पाणवठ्यावर रेंगाळू नका. उन्हाळ्यात तहानलेली जनावरे झाडीत उभी राहून तुमच्या जाण्याची वाट पाहत असतात. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांना हात लावू नका. आणि काडी पेटवू नका. वाळलेल्या पानांत पडलेली एक ठिणगी पुष्कळ मोठे रान जाळते. वणवा दिसला, किंवा जखमी प्राणी दिसला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

वाटेत काटेरी फांदी पडलेली दिसली, तर मात्र पुढे जाऊ नका. ती बाजूला करा. वाटेतला काटा दूर करणे हे पुण्याचे काम आहे, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. तुमच्या घरीही आजी-आजोबा हेच सांगत असतील. मागून कोण येणार, हे आपल्याला माहीत नसते. कदाचित अनवाणी पायांनी कोणी मूल येत असेल.

उर्दूत ज्याला 'मेहमान' म्हणतात, त्याला मराठीत 'पाहुणा' म्हणतात. चांगला पाहुणा विचारून येतो, घरच्यांची अडचण करत नाही आणि वेळेवर निघतो. जंगलातील सुरक्षिततेचे जवळजवळ सगळे नियम या एका शब्दात आले आहेत. जो दुसऱ्याचा मान राखून चालतो, तो बहुधा स्वतःही सुखरूप घरी पोहोचतो. तुम्ही रानवाटेवर जाल, तेव्हा असेच पाहुणे व्हा.

शब्दार्थ

गाभा – मधला, मुख्य भाग
ठाणे – देवाचे स्थान
मातकट – मातीच्या रंगाचा
वाटाड्या – वाट दाखवणारा
चाहूल – कोणी येत असल्याची जाणीव
डिवचणे – त्रास देऊन चिडवणे
मोळी – लाकडांचा भारा
वणवा – जंगलात लागलेली आग
अनवाणी – पायात काही न घालता
सुखरूप – काही इजा न होता

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आनंदवन कोणी व केव्हा उभारले?
(आ) ताडोबा राष्ट्रीय उद्यान कोणत्या साली झाले?
(इ) वाघाला पाहून चितळ आणि सांबर काय करतात?
(ई) वणवा दिसल्यास कोणत्या क्रमांकावर कळवावे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वाट सोडून चालल्याने जंगलाचे काय नुकसान होते?
(आ) चालताना साध्या आवाजात का बोलावे?
(इ) साप चावल्यास काय करावे? काय करू नये?

३. कारणे सांगा.
(अ) वाघ दिसल्यावर पळू नये.
(आ) मोळी घेतलेल्या बाईला आधी वाट द्यावी.
(इ) पाणवठ्यावर रेंगाळू नये.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
पुढे, दाट, शांत, जड, पाहुणा

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
वाट पाहणे, धीर देणे, मान राखणे

६. पुढील वाक्ये नकारार्थी करा.
(अ) काडी पेटवा.
(आ) वाटेवर रेंगाळा.
(इ) कॅमेऱ्यांना हात लावा.

उपक्रम : 'रस्ता', 'शिकार', 'जमीन', 'हवा' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी शब्द शोधा आणि त्यांची यादी वर्गात लावा.