दुरुस्तीनंतर लॅपटॉपमधले ऑफिस गेले, तर ते परत कसे मिळवावे?



या पानावर एरवी बेणे, खोडवा आणि खताचे हप्ते यांचाच धडा असतो. या खेपेस विषय निराळा घेतला आहे, पण तोही आपल्या घरचाच आहे. उपसा सिंचन संस्थेची पाणीपट्टी, बचत गटाचे कर्जखाते, तोडणीच्या टोळीला दिलेली उचल, पोरांचे अर्ज असे बरेच काही आता वहीतून निघून लॅपटॉपात गेले आहे. तो बिघडला की धारणीहून हरिसाल, सेमाडोह करत, घाट उतरून परतवाड्याला न्यायचा, नाहीतर तिकडे बऱ्हाणपूरला. आठ दिवसांनी आणून घरी उघडावा, तं वर्ड नाही अन् एक्सेलही नाही. "मशीन तं सुरू झाली, पण त्यातलं ऑफिस कुठं गेलं बाप्पा?" संस्थेची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. थकबाकीची यादी त्याच एक्सेलमध्ये असेल, तर सचिवाला झोप कशी लागावी?

घाबरून लगेच नवे ऑफिस विकत घेऊ नये. आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपल्या घरातला शेअरचा दाखला उंदराने कुरतडला म्हणून आपले सभासदत्व जात नाही. कारखान्याच्या आय नमुन्याच्या नोंदवहीत आपले नाव असते, त्या नोंदीवरून दुसरा दाखला मिळतो. विकत घेतलेल्या ऑफिसचेही तसेच आहे. लॅपटॉपमधला वर्ड हा नुसता दाखला. खरी नोंद मायक्रोसॉफ्ट कंपनीकडे, आपल्या ई-मेलच्या किंवा मोबाइल नंबरच्या नावाने उघडलेल्या खात्यात असते. दुरुस्तीवाल्याने डिस्क बदलली तरी ती नोंद पुसली जात नाही.

तेव्हा पहिले काम म्हणजे दुकानात काय काय केले ते विचारणे, आणि जमल्यास ते बिलावर लिहून घेणे. फक्त पडदा, बॅटरी किंवा कीबोर्ड बदलला असेल तर ऑफिस जायचे कारणच नाही. पडद्यावरचे चित्र तेवढे निघाले असेल. स्टार्टमध्ये 'वर्ड' टाइप करून शोधावे. जुनी डिस्क काढून नवी एसएसडी बसवली, किंवा विंडोज नव्याने टाकली, तर मात्र ऑफिस गेले असे धरावे.

आता खाते शोधायचे. घोडे अडते ते इथेच. लॅपटॉप घेतला त्या दिवशी तो सुरू कोणी करून दिला? बहुतेकदा दुकानातल्या पोराने, नाहीतर पुतण्याने, आणि त्याने स्वतःचाच ई-मेल घातलेला असतो. घरातल्या प्रत्येकाच्या ई-मेलमध्ये मायक्रोसॉफ्टकडून त्या सुमारास आलेले पत्र शोधावे. पासवर्ड आठवत नसेल तर 'पासवर्ड विसरलो' या मार्गाने मोबाइलवर किंवा दुसऱ्या ई-मेलवर कोड येतो. तो नंबर चालू असला म्हणजे झाले. रिचार्ज न केलेला नंबर बंद होतो आणि पुढे कंपनी तो दुसऱ्याला देते, हे ध्यानात ठेवावे.

खाते उघडले की त्यात 'सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स' या ठिकाणी आपण घेतलेले ऑफिस दिसते. नावापुढे 2019, 2021 किंवा 2024 असा सालाचा आकडा असेल, तर ते एकदाच पैसे देऊन एका संगणकासाठी घेतलेले आहे. 'मायक्रोसॉफ्ट 365' असेल, तर ते मुदतीचे, वर्गणीचे. तिथूनच 'इन्स्टॉल' दाबून ते पुन्हा घेता येते, नवे पैसे पडत नाहीत. डब्यातल्या कार्डावरचा 25 अक्षरांचा क्रमांक पुन्हा टाकून बघण्यात मात्र वेळ घालवू नये. तो एकदा खात्यात जमा झाला की त्याचे काम संपते. आणखी एक सांगून ठेवतो : 2016 आणि 2019 च्या ऑफिसला कंपनीचे सुरक्षा-सुधार 14 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाले आहेत. ते चालते, पण अनोळखी फाइली त्यात उघडताना जपून असावे.

खात्यात काहीच दिसत नसेल तर? मग बहुधा महिनाभराचे चाचणीचे ऑफिस होते, किंवा दुकानदाराने चोरीचे टाकून दिले होते. जे आपले नव्हतेच ते परत कुठून येणार!

मेळघाटात दुसरी अडचण रेंजची. आपल्याच तालुक्यातल्या हरिसालला 2016 साली राज्य शासनाने याच मायक्रोसॉफ्ट कंपनीबरोबर 'डिजिटल गाव' करण्याचे काम हाती घेतले होते, त्यामुळे कंपनीचे नाव इथे नवे नाही. तरी काही जीबीचा माल डोंगरात उतरवून घेणे म्हणजे रात्र जागवणे. त्याला उपाय आहे. 'इन्स्टॉल'जवळच्या इतर पर्यायांत 'ऑफलाइन इन्स्टॉलर' असतो. ती फाइल अमरावतीत चांगल्या नेटवर उतरवून पेनड्राइव्हवर आणावी. पेनड्राइव्ह 'फॅट-32' पद्धतीचा असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, जागा रिकामी असली तरी नाही. तो आधी 'एक्सफॅट' करून घ्यावा. मात्र तसे केल्याने त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते.

मदरबोर्ड बदलला असेल तर गुंता वाढतो. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत विंडोजचा क्रमांक बोर्डातच कोरलेला येतो, आणि बोर्ड गेला की तोही गेला. अशा वेळी सेटिंग्जमधल्या 'अॅक्टिव्हेशन' येथे 'ट्रबलशूट' करून, अलीकडे यंत्राचा भाग बदलला असे सांगावे लागते; तिथेही तेच खाते मागतात. नव्या लॅपटॉपांत 'बिटलॉकर' नावाचे कुलूप बरेचदा आपोआप लागलेले असते. बोर्ड बदलल्यावर ते 48 आकडी क्रमांक विचारते. तो क्रमांकही बहुधा त्याच खात्यात ठेवलेला असतो. तो नाही, तर डिस्क धडधाकट असूनही आतली यादी वाचता येत नाही. दुकानात देण्याआधीच हा क्रमांक कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या पेटीत ठेवावा.

आता मराठीचे. ऑफिस परत आले, फाइल उघडली, आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसला, की माणूस म्हणतो, फाइल सडली. ती सडलेली नसते. पूर्वी आपण श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांच्या जुन्या फाँटांत लिहीत होतो. त्यांत 'क'च्या जागी खरे पाहता इंग्रजी खूणच साठवलेली असते, आणि फाँट तिला मराठी मुखवटा चढवतो. विंडोज नवी टाकली, फाँट गेला, मुखवटा उतरला. तोच फाँट दुसऱ्या संगणकावरून आणून बसवला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. विंडोज 2000 पासून युनिकोड देवनागरी विंडोजमध्ये आली. त्यात लिहिलेले कुठेही वाचता येते. युनिकोडमधला 'मंगल' फाँट विंडोज 10 पासून वेगळा बसवावा लागतो. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' येथे देवनागरीचे पुरवणी फाँट मिळतात. तोवर मजकूर 'निर्मला'त दिसतो, ओळी थोड्या सरकतात एवढेच.

दुकानदार म्हणेल, "भाऊ, कशाले त्रास घेता, फुकट टाकून देतो." त्याच्या नादी लागू नये. कुलूप तोडणाऱ्या अशा प्रोग्रामांसाठी अँटीव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्याच वाटेने बँकेचा पासवर्ड चोरणारे आत शिरू शकतात. ज्या लॅपटॉपवरून संस्थेचे पैसे पाठवायचे, त्यात ही घाण नको. फुकटच हवे तर लिबरऑफिस आहे. 2010 पासून ते उघडपणे, कायदेशीर मोफत मिळते, त्याचा चेहरा मराठीत करता येतो, आणि वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडतात. क्लिष्ट सूत्रे अन् मॅक्रो कधी कधी अडखळतात. पाणीपट्टीच्या बेरजेला काही अडचण येत नाही. माझे मत विचाराल तर लहान संस्थेला तेवढे पुरे आहे.

शेवटी फाइलींचे. ऑफिसची नोंद कंपनीकडे असते. तुमच्या यादीची नोंद, तुम्ही स्वतः वनड्राइव्हसारख्या जागी ठेवली नसेल तर, कोणाकडेच नसते. विंडोज फॉरमॅट न करता टाकली असेल तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर बघावा. त्यातल्या 'यूजर्स'मध्ये जुनी कागदपत्रे सापडतात. पण तो दहा दिवसांत आपोआप पुसला जाऊ शकतो, म्हणून लॅपटॉप आणल्या दिवशीच बघावा. फॉरमॅट केली असेल तर त्यावर नवे काही न साठवता जाणकाराकडे न्यावे. एसएसडी असेल तर मात्र फारशी आशा धरू नये. आणि डिस्क बदलली असेल तर जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका, तिचे पैसे तुम्हीच दिलेले आहेत. ती यूएसबीच्या डबीत बसवून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली की, डिस्क पुरती मेलेली नसेल तर, यादी त्यातून काढून घेता येते. कुलूप असेल तर तिथेही तोच 48 आकडी क्रमांक लागतो.