गुलाबी बोंडअळीची सुप्तावस्था : अक्षांश व हवामान यांचा परिणाम

एकाच कुळातील कीटक निरनिराळ्या मुलखांत निरनिराळ्या रीतीने आयुष्य कंठतात, ही गोष्ट हुमणीच्या उदाहरणावरून सहज ध्यानी येते. महाराष्ट्रात वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात व कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात. त्यांची एक पिढी साधारणतः एका वर्षात पुरी होते. युरोपातील हुमणीच्या एका जातभाईला मात्र हीच वाटचाल पुरी करण्यास तीन वर्षे लागतात आणि अधिक थंड उत्तर भागात चार वर्षेही लागतात. तेथील जमीन वर्षातील बराच काळ थंड असल्यामुळे अळीची वाढ वारंवार थांबते, हे त्याचे मुख्य कारण होय.

उष्णता आणि दिवसाची लांबी

कीटकांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेप्रमाणे बदलते. ठराविक मर्यादेपर्यंत हवा जितकी उबदार, तितकी त्यांची वाढ वेगाने होते. परंतु केवळ उष्णतेवर विसंबून राहिल्यास कीटकांची फसगत होण्याचा संभव असतो, कारण थंडीच्या दिवसांतही मधूनच ऊब येते. दिवसाची लांबी मात्र दरवर्षी त्याच क्रमाने बदलते. म्हणून पुष्कळ कीटक येणाऱ्या ऋतूची चाहूल दिवसमानावरून घेतात आणि प्रतिकूल काळ येण्यापूर्वीच वाढ थांबवून विश्रांती घेतात. या स्थितीस सुप्तावस्था म्हणतात.

दिवसमानातील हा फरक अक्षांशावर अवलंबून असतो. कन्याकुमारीस वर्षातील सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत सुमारे एका तासाचाच फरक पडतो. नागपूर येथे तो सुमारे अडीच तासांचा आणि लुधियाना येथे सुमारे चार तासांचा असतो. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितकी ही सूचना अधिक ठळक होते व तिच्यामागून येणारी थंडीही अधिक कडक असते.

बोंडअळीची दोन रूपे

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन प्रथम १८४३ साली, भडोच येथील कपाशीवरील नमुन्यांवरून करण्यात आले. पुढे ही कीड कापूस पिकविणाऱ्या बहुतेक देशांत पसरली. अनुकूल हवेत तिची एक पिढी साधारणतः चार ते पाच आठवड्यांत पुरी होते. हंगामाच्या उत्तरार्धात मात्र काही अळ्या पूर्ण वाढ झाल्यावरही कोषात न जाता सरकीत, विशेषतः दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांच्या पोटात, स्वस्थ पडून राहतात. अशी अळी अन्नावाचून कित्येक महिने जगते.

अळीने जागे राहावे की झोपावे, हे कशावरून ठरते? अमेरिकेतील टेक्सस येथे १९६० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, दिवस सुमारे १३ तासांहून लहान झाला की सुप्तावस्थेकडे कल वाढतो. कमी तापमान व पक्व सरकीतील तेलयुक्त अन्न यांमुळे हा कल बळावतो, तर उबदार हवेत तो मंदावतो.

आता नागपूरचा विचार करावा. तेथे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच दिवस १३ तासांहून लहान होतो. त्या वेळी बहुतेक शेतांत कपाशीला बोंडेही धरलेली नसतात. तरीही त्यानंतरच्या साऱ्या अळ्या झोपी जात नाहीत, कारण हवा उबदार असते. उत्तर भारतात शरदानंतर थंडी कडक पडते व शेतातील कपाशीही संपते. त्यामुळे तेथे सुप्तावस्था ठळकपणे दिसते. दक्षिणेकडील उबदार भागात सुप्तावस्था तितकी ठळक नसते. अन्न मिळत राहिल्यास पिढ्या चालू राहतात. महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध आहे. येथे काही अळ्या झोपतात, तर शेतात बोंडे असतील तोवर काही जागत्या राहून प्रजा वाढवितात.

फरदडीचा हिशेब

यावरून फरदड घेण्यातील धोका स्पष्ट होतो. डिसेंबरनंतर पाणी देऊन पीक उभे ठेवल्यास आणखी थोडा कापूस हाती येतो, ही गोष्ट खरी. परंतु त्यातील बराचसा कवडी निघतो आणि जागत्या अळ्यांना अन्न मिळाल्याने पुढील हंगामासाठी किडीचे बीज शिल्लक राहते. गुजरातमध्ये या अळीने एकजनुकीय बीटी कपाशीस प्रतिकार केल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे द्विजनुकीय वाणांवरही ती टिकू लागली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे फार मोठे नुकसान झाले. केवळ बियाण्यावर भिस्त ठेवून भागणार नाही, हा त्यातील धडा होय.

अमेरिकेत कपाशीविना काळ, बीटी वाण, कामगंध व वंध्य पतंग यांचा एकत्रित वापर करण्यात आला. २०१८ मध्ये तेथील कापूस पट्ट्यातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे घोषित करण्यात आले.

शेतकरी बंधूंनी काय करावे

१. पीक डिसेंबरअखेर संपवावे. फरदड घेऊ नये.

२. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चाराव्या. पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावावी. बांधावर गंजी रचून ठेवू नये. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी.

३. मे महिन्यात लागवड करू नये. पहिल्या पावसानंतर निघणाऱ्या पतंगांना पात्या व फुले न मिळाल्यास त्यांची पुढची पिढी निभावत नाही. लवकर लावलेली कपाशी त्यांना आयताच आसरा देते.

४. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावे. सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ पतंग आढळल्यास अथवा २० हिरवी बोंडे फोडून पाहता २ बोंडांत अळी आढळल्यास कृषी खात्याच्या सल्ल्याने उपाय योजावे. डोमकळ्या दिसताच वेचून नष्ट कराव्या.

५. सरकी साठविण्याच्या जागी व जिनिंग कारखान्यांच्या आवारातही सापळे लावावे, कारण झोपलेली अळी कापसाबरोबर तेथेच पोचते.

हे उपाय एकट्यादुकट्याने करून फळ येत नाही. एका शेतात राखलेली फरदड शेजारच्या दहा शेतांना जाचते. दिवसमान व थंडी यांवर मनुष्याचा ताबा नाही. उत्तरेकडील कडक हिवाळा जे काम करतो, ते येथे शेतकऱ्यालाच करावे लागते. सर्व गावाने एका वेळी शेते मोकळी केली, तर जागत्या अळीस अन्न राहणार नाही व झोपलेल्या अळीस निवारा राहणार नाही.