कोणीही लिहू शकतं ना, आई?

परवा रात्री ओटा आवरत होते, तेव्हा माझा सातवीतला लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसताच उभा राहिला. मुलं अशी उभी राहिली, की पोटात काहीतरी असतं, हे आपल्याला कळतं. तरी आपण म्हणतोच ना, "काय हवंय? लवकर बोल, अजून दूध तापवायचंय." मीही तेच म्हणाले. तो परत गेला.

झोपताना सगळं बाहेर आलं. वर्गातल्या मित्राशी भांडण झालं होतं. त्या रागात याने विकिपीडियावर मित्राच्या गावाचं पान उघडलं, त्यात त्याचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, 'प्रसिद्ध चोर'. कोणीतरी त्या पानाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. मित्र दोन दिवस शाळेत आला नव्हता.

"गंमत केली गं. तिथे कोणीही लिहू शकतं ना, आई?"

ओरडायचे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याचे हात गार पडले होते. आता रागावले, तर पुढच्या वेळी हा दारापर्यंतही येणार नाही, याची मला जास्त भीती वाटली.

त्याला क्रिकेटचं वेड. म्हणून अर्शदीप सिंगची आठवण काढली. सप्टेंबर 2022, आशिया चषक, पाकिस्तानविरुद्ध एक झेल सुटला आणि कोणीतरी विकिपीडियावरच्या त्याच्या पानावर 'भारत' खोडून 'खलिस्तान' लिहिलं. स्वयंसेवकांनी ते काही मिनिटांत काढलं, पण तोवर त्या पानाचे फोटो देशभर फिरले होते. "23 वर्षांचा होता तो," मी म्हटलं. लेकाने पांघरूण तोंडावर ओढलं.

सगळं खोटं मिनिटांत निघतं असंही नाही. इंग्रजी विकिपीडियावर 2007 मध्ये कोणीतरी एक अख्खं युद्ध रचलं होतं. गोव्यातल्या डिचोलीवरून 1640-41 मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात पेटलेलं! खाली पुस्तकांची नावं होती. 'चांगला लेख' असा दर्जाही मिळाला होता. 2012 च्या अखेरीस एका सदस्याने ती पुस्तकं शोधली, तर तशी पुस्तकंच नव्हती.

पांघरूण बाजूला झालं. "थांब. शिवाजी महाराजांचा जन्म 1630 चा. म्हणजे तेव्हा ते दहा वर्षांचे. मग साम्राज्य कुठलं?"

चौथीत शिकलेलं त्याला बरोबर वेळेला आठवलं. मला फार बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. कारण प्रकल्पाच्या आदल्या रात्री "विकिपीडियावरून उतरवून काढ" असं त्याला सांगणारी मीच. आपण दमलेले असतो, उद्या सकाळी वही द्यायची असते. लेखाखालचे संदर्भ उघडून बघायचे असतात, हे मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं. ते लेख कोणीतरी माणसं बसून लिहितात, हेही नाही. किल्ल्याच्या दगडावर नाव कोरणाऱ्यांवर आपण चिडतो, पण आपल्या मुलांना विकिपीडियाचं पान कोणाचंच नसलेल्या भिंतीसारखं वाटतं.

एखाद्या रविवारी आपल्या गावाचं पान मुलांबरोबर उघडून बघा. वर 'इतिहास' असतो. कोणी, कधी, कुठला शब्द बदलला, ते ओळीने दिसतं. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला सुरू झाला. तेव्हापासून कितीतरी माणसं एक पैसा न घेता तिथे लिहितायत, खोडसाळपणा निस्तरतायत. मुलांना ही माणसं दिसायला हवीत, असं मला आता वाटतं.

आम्ही त्याच रात्री त्या मित्राच्या गावाचं पान उघडलं. कोणीतरी ती ओळ आधीच काढली होती. पण इतिहासात ती होती, तारीख आणि वेळेसकट. लेक बराच वेळ बघत राहिला.

"हे इथे कायम राहणार?"

"बहुतेक."

"मग मी सकाळी त्याच्या घरी जातो. तू येशील?"

सकाळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.